हेल्थकेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदवी आणि कर्ज: तुलना नेमकी कोणत्या पगाराशी करायची?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. तुम्ही अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या पेशंट रजिस्ट्रेशन विभागात ताशी २१ डॉलरवर पूर्णवेळ काम करता, महाराष्ट्रातून बी.कॉम. केले आहे आणि ग्रीन कार्ड नुकतेच हाती आले आहे. एका खासगी विद्यापीठात दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमएचए (मास्टर ऑफ हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) अभ्यासक्रमाला फॉल २०२६ च्या सत्रासाठी प्रवेश मिळाला असून फी एकूण ८२,००० डॉलर आहे. ती सगळी कर्जातून भरायची आणि नोकरी सोडायची, असा विचार आहे. या क्षेत्रातल्या व्यवस्थापकांचा मध्यम पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो आकडा) १,१७,९६० डॉलर असल्याचे तुम्ही वाचलेत, आणि कर्ज एका वर्षाच्या पगारापेक्षा कमी असावे हा सर्वसाधारण नियम इथे पाळला जातो, मग अडचण काय, असे तुम्ही विचारले आहे.

नियम ठीक आहे, पण तुम्ही त्यात जो पगार घातला आहे तो तुमचा नाही. १,१७,९६० हा आकडा खरा आहे. अमेरिकन सरकारच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सने मे २०२४ साठी ‘मेडिकल अँड हेल्थ सर्व्हिसेस मॅनेजर्स’ या वर्गाचा तो मध्यम पगार म्हणून दिला आहे. मात्र ती त्या पदावर बसलेल्या सर्व माणसांची आकडेवारी आहे, एमएचए होऊन बाहेर पडणाऱ्यांची नाही. त्यात वीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून नर्सिंग डायरेक्टर झालेल्या बाई आहेत, मोठ्या हॉस्पिटलचे ऑपरेशन्स सांभाळणारे उपाध्यक्ष आहेत, आणि ज्यांनी कधी एमएचए केलेच नाही असेही पुष्कळ आहेत. त्याच ब्युरोच्या नोंदीत या पदासाठी लागणारे किमान शिक्षण बॅचलर्स असे लिहिलेले आहे आणि त्याच्याबरोबर संबंधित कामाचा अनुभवही अपेक्षित धरला आहे. याच वर्गातल्या तळाच्या दहा टक्क्यांचा पगार सुमारे ७० हजारांच्या खाली आहे, आणि व्यवस्थापक म्हणून नव्याने लागलेला माणूस बहुधा त्याच बाजूला असतो. शिवाय पदवीनंतरच्या पहिल्या नोकऱ्या पुष्कळदा या वर्गात मोडतच नाहीत. अ‍ॅनालिस्ट, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, क्वालिटी स्पेशालिस्ट ही पदे ‘मॅनेजर’ म्हणून मोजली जात नाहीत, त्यामुळे त्यांचे पगार त्या मध्यम आकड्याला खाली ओढायलाही तिथे नसतात.

मी हॉस्पिटलच्या ऑपरेशन्समध्ये बरीच वर्षे काम करते आणि आमच्या विभागातल्या भरतीत माझा हात असतो. म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते सांगते. सुपरवायझर किंवा असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी आमच्या जाहिरातीत बॅचलर्स आवश्यक असते, मास्टर्सला प्राधान्य असते, आणि त्याखालीच माणसे सांभाळण्याचा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. एमएचए असलेले पण अनुभव नसलेले अर्ज ढिगाने येतात. मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते: विमा कंपनीने एखादा क्लेम नाकारला, तर चूक कुठे झाली हे तुम्ही कसे शोधाल? नुकतेच शिकून आलेले उमेदवार प्रक्रिया सुधारणेच्या पद्धतींची नावे सांगतात. रजिस्ट्रेशनच्या काउंटरवर बसलेली व्यक्ती मात्र सांगते की आधी मेंबर आयडी आणि जन्मतारीख तपासेन, मग पेशंटची दोन विमापत्रे असतील तर प्राथमिक कोणते लावले ते पाहीन, मग प्रायर ऑथरायझेशन (उपचाराआधीची विमा कंपनीची परवानगी) घेतले होते का आणि घेतले असेल तर ते त्याच प्रोसीजर कोडसाठी होते का ते पाहीन. काउंटरवर सकाळच्या घाईत दोन मिनिटांत झालेली चूक महिना-दीड महिन्याने बिलिंगमध्ये नकाराच्या रूपाने परत येते, हे तिने स्वतः पाहिलेले असते. हे ज्ञान तुमच्याकडे आज आहे, आणि नोकरी सोडून पूर्णवेळ वर्गात बसलात तर दोन वर्षे त्याची किंमत कोणी देणार नाही.

आता आकड्यांकडे येऊ. तुमचा सध्याचा पगार वर्षाला ४३,६८० डॉलर होतो. नोकरी सोडली तर दोन वर्षांत सुमारे ८७ हजारांचे उत्पन्न बुडेल. म्हणजे या पदवीची खरी किंमत ८२ हजार नसून, करापूर्वीचे उत्पन्न धरता १ लाख ६९ हजारांच्या घरात जाते, आणि त्यात नोकरीबरोबर जाणारा आरोग्य विमा व निवृत्तिनिधीतला मालकाचा वाटा अजून धरलेलाच नाही. तुमच्या विचारात फक्त फी होती, म्हणून हे आधी सांगितले.

व्याज अभ्यास चालू असतानाच सुरू होते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणारे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, कर्ज अनसब्सिडाइज्ड असते, म्हणजे शिकत असतानाचे व्याज सरकार भरत नाही. २०२५-२६ साठी त्याचा दर ७.९४ टक्के होता. हिशेबाच्या सोयीसाठी सगळ्याच रकमेला ८ टक्के धरू. प्रत्येक सेमिस्टरला २०,५०० असे चार वेळा कर्ज घेतले आणि पदवीनंतर सहा महिन्यांनी परतफेड सुरू झाली, तर तोपर्यंत सुमारे दहा हजार डॉलर व्याज चढलेले असेल. ९२ हजारांवर दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण १,१२० डॉलर येतो, वर्षाला सुमारे १३,४००.

हा हप्ता कशाशी ताडून पाहायचा, खरी मेख इथे आहे. बहुतेक जण तो नव्या पगाराशी ताडतात. ६६ हजारांची नोकरी लागली, त्यातून १३ हजार गेले, तरी पूर्वीपेक्षा चांगलेच, असे वाटते. पण पदवी न घेताही तुमचा पगार जागच्या जागी थांबणार नाही. तुमच्यासारख्या अनुभवाची आणि हातात बॅचलर्स असलेली व्यक्ती दोन-तीन वर्षांत लीड किंवा सुपरवायझर होणे हे माझ्या पाहण्यात नेहमीचे आहे. समजा त्या वेळी तुम्ही ५४ हजारांवर असाल. मग पदवीने दिलेली वाढ १२ हजारांची ठरते, आणि फेडरल कर, राज्याचा कर, सोशल सिक्युरिटी हे सगळे जाऊन हातात साडेआठ-नऊ हजार उरतात. हप्ता १३,४०० आणि वाढ नऊ हजार, म्हणजे पहिली काही वर्षे ही पदवी तुम्हाला दरवर्षी चार-साडेचार हजारांनी मागे ठेवेल. ६६ आणि ५४ हे आकडे मी गृहीत धरले आहेत. शहर, हॉस्पिटलचा आकार आणि विभाग यांनुसार ते बदलतात, तेव्हा तुमच्या हॉस्पिटलच्या अंतर्गत जाहिरातींमधल्या पगारश्रेणी काढून तिथे खरे आकडे घाला. आकडे बदलले तरी वजाबाकीची रीत तीच राहील.

हे चित्र कायमचे नसते, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे. मॅनेजर आणि त्यावरच्या डायरेक्टर पदासाठी अनेक हॉस्पिटले मास्टर्स असल्याशिवाय अर्ज पुढे सरकवत नाहीत, आणि पदवीचा खरा मोबदला तिथे, म्हणजे पाचव्या-सातव्या वर्षानंतर, दिसू लागतो. त्यामुळे एमएचए करू नका असे मी म्हणत नाही. ती कधी, कोणाच्या पैशाने आणि नोकरी सांभाळून की सोडून करायची, एवढाच वाद आहे.

कर्जाच्या नियमांत मोठा बदल झाला आहे, आणि तुमचा प्रवेश नेमका त्या बदलानंतरचा आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद केले. पूर्वी फेडरल मर्यादेपलीकडची फी त्या कर्जातून भागत असे. आता तुमच्यासारख्या विद्यार्थिनीला फेडरल कर्ज वर्षाला जास्तीत जास्त २०,५०० डॉलर मिळेल, म्हणजे दोन वर्षांत ४१ हजार. उरलेले ४१ हजार खासगी बँकेकडून, बहुधा तुमच्या पतींना सहकर्जदार करून, घ्यावे लागतील. खासगी कर्जाला उत्पन्नानुसार हप्त्याची सोय मिळत नाही, कर्जमाफी मिळत नाही, आणि नोकरी गेली तर बँक किती समजून घेईल हे बँकेच्या मर्जीवर राहते. निम्मे कर्ज या जातीचे असणे, ही तुमच्या योजनेतली मला सर्वांत न आवडलेली गोष्ट आहे.

तुम्ही पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेसचाही उल्लेख केला आहे. ही योजना २००७ च्या कायद्याने आली. सरकारी किंवा पात्र ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करताना १२० पात्र हप्ते भरले की उरलेले फेडरल डायरेक्ट कर्ज माफ होते. अमेरिकेतली बरीच हॉस्पिटले ना-नफा असल्यामुळे आमच्या क्षेत्रात तिचे नाव फार घेतले जाते. पण दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे तुमचा पगार नेमका कोण देते. अनेक ठिकाणी रजिस्ट्रेशन आणि बिलिंगचे काम बाहेरच्या नफा कमावणाऱ्या कंपनीला दिलेले असते; बिल्ला हॉस्पिटलचा असतो आणि डब्ल्यू-२ वर, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या व कराच्या दाखल्यावर, नाव दुसऱ्याचे. पात्रता त्या डब्ल्यू-२ वरच्या ईआयएन या मालकाच्या ओळख क्रमांकावरून ठरते, आणि तो क्रमांक स्टुडंट एडच्या सरकारी संकेतस्थळावर घालून पाहता येतो.

दुसरी गोष्ट तुमच्या कुटुंबाच्या उत्पन्नाची. १ जुलै २०२६ नंतर घेतलेल्या कर्जासाठी उत्पन्नानुसार हप्त्याची जी नवी योजना आहे, रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन, तिच्यात हप्ता समायोजित उत्पन्नाच्या १ ते १० टक्के असतो आणि १ लाखाच्या वर उत्पन्न असले की पूर्ण १० टक्के लागतो. तुमचे पती आयटीत आहेत आणि तुम्ही कर एकत्र भरता. समजा पदवीनंतर दोघांचे मिळून १ लाख ८० हजार झाले, तर हप्ता महिना १,५०० डॉलर येईल. प्रत्येक अवलंबित मुलामागे त्यातून ५० डॉलर कमी होतात. व्याजासह ४६ हजारांच्या आसपास झालेले फेडरल कर्ज या वेगाने तीन वर्षांत फिटून जाईल. १२० हप्ते पुरे होण्याआधीच कर्ज संपले, तर माफ काय होणार? कर वेगवेगळा भरला तर हप्ता फक्त तुमच्या उत्पन्नावर, ६६ हजारांना ६ टक्के म्हणजे महिना ३३० डॉलर इतका येईल आणि माफीला काही अर्थ उरेल. पण वेगळे विवरणपत्र भरल्याने काही सवलती गमवाव्या लागतात आणि त्या तोट्याची बेरीज एखाद्या कर सल्लागाराकडून करून घ्यायला हवी. एकूण, तुमच्या घरच्या परिस्थितीत माफीवर भिस्त ठेवून कर्ज काढणे मला पटत नाही. एकटी राहणारी, कमी पगाराची आणि संपूर्ण फेडरल कर्ज असलेली व्यक्ती असती तर माझे उत्तर निराळे असते.

मग पूर्णवेळ आणि महाग पदवी कोणासाठी योग्य? माझ्या मते ज्यांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह फेलोशिप मिळवायची आहे त्यांच्यासाठी. मोठ्या हॉस्पिटल समूहांच्या या एक-दोन वर्षांच्या फेलोशिप नुकतेच पदवीधर झालेल्यांसाठी असतात. फेलो थेट वरिष्ठ अधिकाऱ्यांबरोबर काम करतो, त्याला बैठकांत बसायला मिळते आणि पुढे मॅनेजरपद लवकर मिळते. अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावे लागतात, आणि अनेक ठिकाणी सीएएचएमई या अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमातूनच उमेदवार घेतात. तुमच्या विद्यापीठाच्या पत्रात या मान्यतेचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. मान्यता नसेल आणि फी ८२ हजार असेल, तर पुढचे काही वाचण्याचीही गरज नाही. मान्यता असेल, तर गेल्या दोन-तीन वर्षांत किती जणांना फेलोशिप मिळाली आणि कुठे मिळाली हे विचारा. फेलोशिपसाठी गाव बदलावे लागण्याची शक्यता मोठी असते. पतींची नोकरी आणि मुलांची शाळा पाहता ते तुम्हाला जमणार का, हे तुम्हालाच ठाऊक.

विद्यापीठे ‘इतके टक्के पदवीधर नोकरीत’ असे सांगतात, तेव्हा त्यातले किती जण शिकत असतानाही नोकरीत होते, हा माझा पहिला प्रश्न असतो. एमएचएच्या वर्गात परिचारिका, थेरपिस्ट, कधीकधी डॉक्टरही असतात. त्यांचा पगार पदवीमुळे नव्हे तर आधीच्या परवान्यामुळे मोठा असतो. कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी संकेतस्थळावर अभ्यासक्रमनिहाय मध्यम उत्पन्न आणि मध्यम कर्ज पाहता येते आणि ते अवश्य पाहा, पण तिथल्या मध्यम उत्पन्नातही हीच सरमिसळ असते. म्हणून विद्यापीठाकडून टक्केवारीऐवजी पदांची नावे मागा: ज्यांच्याकडे आरोग्यसेवेचा परवाना नव्हता, त्यांना पदवीनंतर पहिली नोकरी कोणत्या पदावर लागली?

तुमच्या जागी मी असते तर दुसरा मार्ग आधी तपासला असता. हॉस्पिटल शिक्षणासाठी पैसे देते का ते एचआरला विचारा. कर संहितेच्या कलम १२७ खाली मालकाने दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे शैक्षणिक साहाय्य करमुक्त असते, आणि म्हणून अनेक हॉस्पिटलांची मर्यादाही तेवढीच असते. ही मर्यादा कॅलेंडर वर्षावर चालते, शैक्षणिक वर्षावर नाही. फॉल २०२६ मध्ये सुरू होऊन स्प्रिंग २०२९ मध्ये संपणारा तीन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम २०२६, २०२७, २०२८ आणि २०२९ अशा चार कॅलेंडर वर्षांत पसरतो, म्हणजे २१,००० डॉलर मिळू शकतात. समजा एखाद्या सरकारी विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त अर्धवेळ एमएचएची फी ४५ हजार असेल, तर तुमच्यावर २४ हजार उरतात. ते सगळे कर्जाने घेतले तरी व्याजासह दहा वर्षांचा हप्ता महिना ३४० डॉलरच्या आसपास बसतो. आणि पगार चालू असल्याने त्यातला बराच भाग खिशातूनही भरता येईल. अर्धवेळ विद्यार्थ्यांची फेडरल कर्जमर्यादा नव्या नियमांनुसार त्या प्रमाणात कमी होते, पण इथे वर्षाला आठ हजारच लागत असल्याने त्याने अडायचे कारण दिसत नाही.

या पैशाला अटी असतात, त्या नीट वाचा. बहुतेक ठिकाणी ठरावीक ग्रेड लागते, फी आधी स्वतः भरून नंतर परत मिळते, आणि पदवीनंतर एक-दोन वर्षे तिथेच राहण्याचे बंधन असते. आधी सोडले तर रक्कम परत करावी लागते. नोकरी, घर आणि अभ्यास तीन वर्षे एकत्र ओढणे सोपे नाही, आणि लहान मुले असतील तर दुसऱ्या वर्षाला दमछाक होते. हा खर्च कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, पण मी माझ्या टीममधल्या माणसांना त्यातून जाताना पाहिले आहे.

अर्धवेळ मार्गाचा फायदा पैशापुरता नाही. त्या तीन वर्षांत तुम्ही लीड किंवा सुपरवायझर झालात, तर पदवी हातात येईल तेव्हा जाहिरातीतला माणसे सांभाळण्याचा अनुभव आणि मास्टर्स या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या झालेल्या असतील. माझ्यासमोर येणाऱ्या अर्जांत हे दोन्ही एकत्र क्वचितच असते, आणि असते तेव्हा तो अर्ज वर जातो.

एक छोटी पण अडवणारी गोष्ट. तुमची बी.कॉम. तीन वर्षांची आहे. विद्यापीठाने ती मान्य केली, तरी हॉस्पिटलचा एचआर विभाग ती अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची मानेलच असे नाही. क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, म्हणजे परदेशी पदवी अमेरिकन पदवीशी ताडून दिलेला अहवाल, करून घेऊन ते तुमच्या कर्मचारी नोंदीत लावा. हे नसल्यामुळे चांगले अंतर्गत अर्ज संगणकाच्या चाळणीतच अडकलेले मी पाहिले आहेत.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर या पदवीसाठी यायचा विचार करणाऱ्यांनी मात्र वरचा हिशेब स्वतःला लावू नये. त्यांना फेडरल कर्ज मिळत नाही, आणि सर्वसाधारण हेल्थकेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हा विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नसल्याने पदवीनंतर कामाची परवानगी साधारण १२ महिन्यांचीच असते. त्या मुदतीत व्हिसा प्रायोजित करणारे हॉस्पिटल सापडेल या भरवशावर मोठे कर्ज काढणे मला फारच धोक्याचे वाटते.

तुमच्यापुरते बोलायचे तर सध्याच्या अटींवर हा प्रवेश मी घेतला नसता. विद्यापीठाने मोठी शिष्यवृत्ती देऊन खासगी कर्जाची गरजच संपवली, अभ्यासक्रम सीएएचएमई मान्यताप्राप्त निघाला आणि फेलोशिपसाठी स्थलांतर करायची तुमची तयारी असली, तर मी पुन्हा विचार करेन. या तिन्हींपैकी एकही सुटले तर नाही. प्रवेश नाकारण्याआधी तो एक वर्ष पुढे ढकलता येतो का, हे ई-मेल करून विचारा आणि अनामत रक्कम भरण्याची मुदत संपण्यापूर्वी लेखी उत्तर घ्या. त्या वर्षात इव्हॅल्युएशन, एचआरची चौकशी आणि लीडच्या जागेसाठी अर्ज, ही तिन्ही कामे होऊ शकतात. एचआरकडून मिळालेली साहाय्याची नेमकी अट आणि तुमच्या हॉस्पिटलमधली सुपरवायझरची पगारश्रेणी इथे लिहिलीत, तर वरची वजाबाकी मी खऱ्या आकड्यांनी पुन्हा करून देईन.